डाग घालवायचा की रंग?



लग्नसराई जवळ आली की आपल्या घरांतल्या मोबाइलवर दोन गोष्टी एकदमच फिरू लागतात. रिश्त्यांचे बायोडाटा आणि लेसरच्या जाहिराती. बायोडाटात जन्मतारीख आणि शिक्षण यांच्यामध्ये 'रंग' अशी एक ओळ असते, आणि जाहिरातीत ती ओळ बदलून देण्याचं आश्वासन असतं. 'सहा सिटिंगमध्ये डागविरहित, उजळ त्वचा. हप्त्यांची सोय.'

मागच्या वर्षी अशीच एक जाहिरात माझ्या खालाच्या मुलीने मला पाठवली. ती मिरजेत शाळेत शिकवते. वय २७. दोन्ही गालांवर वांग, हनुवटीवर मुरुमांचे जुने डाग. दोन ठिकाणांहून 'मुलगी चांगली आहे, पण रंग जरा...' असं उत्तर आलं होतं. मग खालाचा फोन आला, "बेटा, तू कमावता आहेस. बहिणीचं एवढं कर." मी मोबाइलवरून २८ हजार रुपये भरले. दोन मिनिटंही लागली नाहीत. मशीन कोणतं, चालवणार कोण, डाग कशाचे, यांतलं काहीच विचारलं नाही. ऑफिसात एखादं साधं सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी मी दहा वेळा चाचणी मागतो. बहिणीच्या चेहऱ्यासाठी एकदाही मागितली नाही.

तिसऱ्या सिटिंगनंतर तिचे डाग आधीपेक्षा गडद झाले. पाचव्यानंतर मध्ये मध्ये पांढुरके ठिपके दिसू लागले. क्लिनिकचं म्हणणं, "अजून चार सिटिंग घ्या, बरोबर होईल." ती तिथे परत गेली नाही. सरकारी रुग्णालयातल्या त्वचा विभागात रांग लावून तिने केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, "याआधी चेहऱ्याला काय काय लावत होतीस?" सहा महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

त्या दिवसानंतर मी या विषयावर वाचायला बसलो. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण उद्या ही जाहिरात तुमच्या घरात येणार आहे, किंवा येऊन गेली आहे.

आधी लेसर काय करतो ते पाहू. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक कल्पना मांडली. प्रत्येक रंगद्रव्य ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषतं. तो प्रकाश अगदी क्षणभर सोडला, तर उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच नेमकं ते रंगद्रव्य फुटतं. डागांसाठी आज जे क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर वापरतात, ते याच तत्त्वावर चालतात. त्यांचा प्रकाश १०६४ किंवा ५३२ नॅनोमीटरचा असतो आणि एक झोत काही नॅनोसेकंदच टिकतो. फुटलेले मेलॅनिनचे कण शरीरातल्या पेशी हळूहळू उचलून नेतात. विज्ञान पक्कं आहे. जन्मखुणेसारखा दिसणारा ओटाचा निळसर डाग, उन्हाने किंवा वयाने आलेले सुटे तपकिरी ठिपके, गोंदण, यांवर लेसरचा चांगला उपयोग होतो.

पण लेसरला डाग कळत नाही. त्याला फक्त मेलॅनिन कळतं. नको असलेल्या फाइली काढण्यासाठी कमांड दिली आणि नाव नीट लिहिलं नाही, तर ती समोर येईल ते पुसत जाते. तसंच हे. गोऱ्या त्वचेवरच्या काळ्या ठिपक्यात मेलॅनिन आहे आणि भोवती फारसं नाही, म्हणून तिथे निशाणा सोपा. आपल्या त्वचेत डागातही मेलॅनिन आणि भोवतीही मेलॅनिन. ऊर्जा थोडी जास्त झाली की भोवतीची त्वचाही तापते. त्वचेला दाह झाला की रंग बनवणाऱ्या पेशी आणखी रंग बनवतात, आणि डाग घालवायला गेलेला माणूस नवा डाग घेऊन घरी येतो. पुन्हा पुन्हा मारा केला तर त्या पेशीच निकामी होतात आणि पांढरे ठिपके उरतात. माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर दोन्ही झालं.

त्वचेचे सहा प्रकार मांडणारी जी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी डॉक्टर वापरतात, ती १९७५ मध्ये तयार झाली तेव्हा गोऱ्या त्वचेपुरतीच होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. माझ्या क्षेत्रातही हेच घडलं. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या प्रणालींची २०१८ मध्ये जॉय बुओलमविनी आणि टिमनित गेब्रू यांनी तपासणी केली. गोऱ्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याहून कमी, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४ टक्क्यांहून जास्तपर्यंत. यंत्र कुणाला डोळ्यांसमोर ठेवून तयार झालं, हे विचारल्याशिवाय ते वापरू नये.

दुसरी गोष्ट, सगळे डाग एक नसतात. वांग हा संप्रेरकं, गर्भारपण, काही गोळ्या, आनुवंशिकता आणि ऊन यांच्यातून येतो. लेसरने तो फिका झाला तरी बऱ्याचदा परत येतो, म्हणून त्यावर लेसर हा पहिला उपाय नाही. आधी सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. वांगाला नुसतं अतिनील ऊनच नाही, दिसणारा प्रकाशही वाढवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी. स्कूटरवर ओढणी बांधली तरी सनस्क्रीन लागतंच. मुरुमांचे डाग मुरूम थांबल्यावर बरेचसे आपोआप फिके होतात, फक्त महिने लागतात. केसांच्या काळ्या रंगात आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणात पीपीडी हे रसायन असतं. त्याची ॲलर्जी झाली तर फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. आणि मान, काखा इथे मखमलीसारखा जाड काळेपणा आला असेल तर तो मळ नाही. घासून जाणार नाही, उलट घासल्याने वाढेल. तो अनेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. तिथे लेसरच्या आधी रक्तातली साखर तपासायला हवी. कित्येक मुलींना या काळेपणावरून घरात बोलणी बसतात आणि साखर मात्र कुणी तपासत नाही.

तिसरी गोष्ट, क्रीम. बहीण चार वर्षं बाजारातली एक ट्यूब लावत होती, त्यात स्टेरॉइड होतं. अशी ट्यूब पहिले काही आठवडे चेहरा उजळ करते. मग त्वचा पातळ होते, लाल होते, मुरूम आणि लव वाढते, आणि ट्यूब सोडली की चेहरा भडकतो. अशा त्वचेवर लेसर मारणं म्हणजे जखमेवर चटका. सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी तरतूद केली, तरी दुकानात ती मागितली की मिळतात. त्याहून वाईट म्हणजे पारा असलेली क्रीम. पारा मेलॅनिन बनू देत नाही, पण तो त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. केरळमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्याचा एक दुर्मीळ प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. परदेशातून कुणी 'खास' म्हणून आणलेली, घटकांची यादी नसलेली डबी घरात असेल तर ती आजच बाजूला काढा.

आता अवघड भाग.

उपचार सुरू झाल्यावर एकदा बहिणीने मला विचारलं, "भाई, तुम्ही पैसे भरलेत ते माझ्या डागांसाठी, की माझ्या रंगासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी घरच्यांनी मध्यस्थांना 'गोरी हवी' असं सांगितलं होतं. मी तेव्हा खोलीतच होतो. इंजिनीअरिंगची पदवी, हातात नोकरी, आणि ती अट खोडून टाका म्हणण्याची हिंमत नाही. ज्या घरांनी माझ्या बहिणीला नाकारलं, त्यांत आणि माझ्यात काय फरक होता?

आपण मशिदीत सांगतो की पहिली अजान देणारे हजरत बिलाल हबशी होते. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ही शिकवण आपल्याला लहानपणीच पाठ असते. आपल्याच मराठवाड्यात खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, मलिक अंबरने वसवलं. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला होता. जहांगीरला तो रणांगणात हाती लागला नाही, म्हणून दरबारी चित्रकाराने बादशाह अंबरच्या मस्तकावर बाण मारतोय असं चित्र काढून दिलं. हा वारसा आपण भाषणात अभिमानाने सांगतो, आणि बायोडाटात मुलीच्या रंगासाठी वेगळी ओळ ठेवतो. मुलाच्या बायोडाटात ती ओळ बहुधा नसते, हेही एकदा पाहून घ्या.

याचा अर्थ उपचार घेऊ नयेत असा नाही. डागाने त्रास होत असेल, आरशात पाहावंसं वाटत नसेल, तर उपचार घेण्यात लाज नाही. फक्त तो तुमच्यासाठी असावा, येणाऱ्या पाहुण्यांसाठी नाही. आणि डाग घालवणं वेगळं, रंग बदलणं वेगळं. जन्मजात रंग कायमचा बदलून देईल असा सुरक्षित लेसर नाही. असं जो सांगतो तो तुम्हाला फसवतोय.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. डॉक्टरांकडे त्वचारोगाची पदवी किंवा पदविका आहे का? त्यांचा नोंदणी क्रमांक मागा, महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. डाग कशाचा आहे याचं निदान लिहून मिळेल का? मशीन कोणतं आणि ते कोण चालवणार? कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी करून काही आठवडे थांबणार का? बिघडलं तर काय करणार? यांतल्या एकाही प्रश्नावर समोरचा चिडला तर उठून या. नुकसान झालंच तर बिलं, फोटो, मेसेज जपून ठेवा. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझ्या बहिणीकडे बिल होतं, निदानाचा कागद मात्र नव्हता, कारण निदान झालंच नव्हतं.

तिचे डाग आता हळूहळू फिके होत आहेत. पांढरे ठिपके जातील की नाही, हे डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही. मागच्या महिन्यात तिने स्वतःचा बायोडाटा पुन्हा टाइप केला आणि रंगाची ओळ काढून टाकली. खाला थोडी कुरकुरली, मग गप्प झाली.

या लग्नसराईत तुमच्या हातात बायोडाटा आला, स्वतःचा, बहिणीचा किंवा मित्राचा, तर तेवढी एक ओळ खोडा. आणि कुणी 'रंग कसा आहे?' असं विचारलं, तर खोलीत बसून माझ्यासारखे गप्प राहू नका.