मिक्सर नावाचा घ्यावा की कामाचा?

लग्नसराई सुरू झाली, की आपल्याकडे दोन याद्या निघतात. एक देण्याघेण्याची आणि दुसरी स्वयंपाकघराची. दुसऱ्या यादीत मिक्सर पहिल्या पाचांत असतोच, आणि त्याच्यापुढे हमखास प्रश्नचिन्ह असतं. दोन हजारांचा घ्यावा की सहा हजारांचा? मुलीकडची मंडळी म्हणतात, 'चांगल्या नावाचा द्या, चार लोक बघतात.' कन्नड सासूबाई मात्र एका वाक्यात विषय संपवतात, 'चटणी सण्ण आद्र साकु!' चटणी बारीक झाली म्हणजे पुरे. मैत्रिणींनो, मला विचाराल तर सासूबाईंचं म्हणणं खरं. फक्त चटणी पुढची सात-आठ वर्षं बारीक व्हायला हवी, एवढंच त्यात जोडायचं.

आपल्या सीमाभागातल्या स्वयंपाकघरात मिक्सरवर माहेर आणि सासर अशा दोन्हींचा भार असतो. सकाळी शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी, दुपारी आमटीला खोबऱ्याचं वाटण, रात्री इडली-दोशाचं पीठ. हा भार कसा असतो, ते एका जुन्या गोष्टीवरून कळेल. मुंबईतले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी ब्राऊन या नामांकित जर्मन कंपनीचा मिक्सर होता. आपलं वाटण करता करता त्याची मोटर जळाली. मग माथुरांनी आपल्या मसाल्यांना आणि डाळींना पुरून उरेल असं यंत्र स्वतःच तयार केलं आणि १९६३ साली 'सुमीत' बाजारात आला. पुढे कितीतरी घरांत मिक्सरला 'सुमीत'च म्हणू लागले. जर्मन मिक्सर वाईट नव्हता, पण तो हळकुंड आणि भिजवलेली उडीदडाळ यांच्यासाठी केलेला नव्हता. यंत्र किती महाग यापेक्षा ते कोणत्या कामासाठी बनलं आहे, हे आधी पाहायचं.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? काही मोटरमध्ये जातात. तांब्याचं वाइंडिंग ॲल्युमिनियमपेक्षा महाग असतं, पण कमी तापतं. काही भांड्यांच्या जाड पत्र्यात, पात्यांच्या पोलादात आणि घट्ट बसणाऱ्या झाकणात जातात. हे पैसे वाया जात नाहीत. पण काही जातात जाहिरातीत, चकचकीत रंगात, आणि ज्याला आपण वर्षभरात एकदाही हात लावणार नाही अशा चौथ्या-पाचव्या भांड्यात. इथे 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असं होऊ शकतं. वॅटच्या आकड्यालाही भुलू नका. मोटर किती वीज ओढते ते वॅट सांगतात, ती किती टिकेल ते नाही. साध्या घराला ५०० वॅट पुरतात. रोज पीठ वाटायचं असेल तर ७५० घ्यावा.

आता थोडा हिशेब करू. समजा, दोन हजारांचा मिक्सर तीन वर्षं चालला, तर वर्षाला साधारण ६७० रुपये पडले. सहा हजारांचा दहा वर्षं चालला, तर ६०० पडले. फरक फार नाही. आणि समजा साडेतीन हजारांचा मधला मिक्सर सात वर्षं चालला, तर वर्षाला ५०० च! म्हणजे खरा प्रश्न किमतीचा नसून यंत्र किती वर्षं चालतं याचा आहे. आणि ते चालतं दुरुस्तीच्या जोरावर. मिक्सरमध्ये कपलर, भांड्याचा बुश, मोटरचे कार्बन हे झिजणारच. ते झिजावेत म्हणूनच असतात. ते गावात मिळत असतील तर स्वस्त मिक्सरही म्हातारा होतो, आणि मिळत नसतील तर महागडाही तरुणपणीच अडगळीत जातो. म्हणून दुकानात शिरण्याआधी आपल्या गल्लीतल्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला विचारा, 'कुठल्याचे सुटे भाग तुझ्याकडे असतात?' त्याचं उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं असतं. भांडं मागवायलाच हजार रुपये आणि महिनाभर थांबायचं असेल, तर ती 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' झाली.

काही बाबतींत मात्र काटकसर नकोच. जिथे वाफ कोंडते किंवा पाणी आणि वीज एकत्र येतात, तिथे आयएसआय खूण पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. प्रेशर कुकरला ती खूण १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची आहे. तरीही तिच्याविना कुकर विकले गेले, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड ठोठावला. कुकरवर आयएस २३४७ हा क्रमांक शोधा. तो असलेला कमी नावाचा कुकर चालेल, तो नसलेला फुकटही नको. याउलट दोरीचा चॉपर, लिंबू पिळणी किंवा सणावारीच निघणारं पुरणयंत्र साधं घेतलं तर काही बिघडत नाही. आणि घरात आठ माणसं असून आठवड्यातून तीनदा इडली होत असेल, तर महागड्या मिक्सरऐवजी मधला मिक्सर आणि उरलेल्या पैशांत दगडी वेट ग्राइंडर घ्यावा. त्याच्या दगडात पीठ फारसं तापत नाही, ते हलकं फुगतं. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते काही उगीच नाही.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. कोल्हापुरात स्वस्त की बेळगावात, या जुन्या चर्चेत आता पूर्वीइतका अर्थ नाही. १ जुलै २०१७ पासून दोन्हीकडे एकच जीएसटी आहे. खरेदी कुठेही करा, पण पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. खरेदी कोल्हापूरची आणि घर बेळगावचं असलं तरी फेऱ्या मारायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि कन्नडमध्येही.

वॉरंटीचं कार्ड मात्र वाचून घ्या. माझ्या ओळखीच्या एक वहिनी घरी शेंगाचटणी करून विकतात. त्यांनी साठवलेल्या पैशांतून नामांकित कंपनीचा मिक्सर घेतला. आठ महिन्यांत मोटर जळाली. 'हा घरगुती वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही,' असं सांगून कंपनीच्या माणसाने हात वर केले. कार्डावर तसं बारीक अक्षरात होतंच. बहुतेक घरगुती मिक्सर सलग चालवण्यासाठी नसतात. पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं थांबवायचा, असा नियम त्यांच्यावर किंवा पुस्तिकेत लिहिलेला असतो. रोज पाच किलो चटणी कुटणाऱ्या बाईने हॉटेलवाल्यांच्या दुकानातून दणकट यंत्र घ्यावं. वहिनींनी नंतर तेच केलं. ते दिसायला ओबडधोबड आहे, पण महिन्याचं उत्पन्न त्याच्यावर उभं आहे.

शेवटी एक विचारते. घरात नवा मोबाइल येतो तेव्हा तो किती वर्षं चालेल याचा हिशेब कुणी मांडत नाही. मिक्सरचा विषय निघाला, की मात्र 'अजून चालतोय ना?' असं होतं. झाकण हाताने दाबून धरत, खरखरणारा बुश सांभाळत आपण दोन-दोन वर्षं काढतो. तुमच्या मनगटाला आणि सकाळच्या अर्ध्या तासालाही किंमत आहे. मधल्या किमतीचा, जवळ दुरुस्त होणारा, आपल्या चटणीला झेपणारा मिक्सर घ्या, आणि तो घेताना कुणाची परवानगी मागितल्यासारखं वाटू देऊ नका.