दोन प्रश्न विचारता, तर उत्तर ऐकायलाही कुणी हवे



आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म भरतात. साखर, रक्तदाब, तंबाखू असे सगळे विचारून झाल्यावर त्यात दोन प्रश्न मनाचे असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटते का? माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांनी खरे उत्तर दिले, "कशातच मन लागत नाई, बाई." आकडा लिहिला गेला. त्यानंतर त्या उत्तरासाठी आमच्या दारी कुणी आले नाही.

वडिलांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. वर्षभर त्यांची साखर काही केल्या उतरत नव्हती. प्रत्येक तपासणीला पथ्य पाळत नाही म्हणून बोलणी बसायची आणि घरी आम्हीही तेच करायचो. एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता ते सहज बोलून गेले, "रातची गोळी घेतली का सकाळ पायतो का नाई, असं वाटते." कधीतरी झोपेत साखर उतरून त्यांना दरदरून घाम फुटला होता. त्या भीतीने ते संध्याकाळची गोळी टाळत आणि वरून गुळाचा खडा खात. ज्याला आम्ही हट्ट म्हणत होतो, ती भीती होती. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली ती हे कळल्यावर. वर्ष वाया गेले ते कुणी 'का?' असे विचारले नाही म्हणून. मीही नाही विचारले.

मधुमेह आणि उदासी एकमेकांना धरून चालतात. मन खचले की चालणे सुटते, झोप मोडते, गोळ्या चुकतात. साखर चढली की थकवा येऊन मन आणखी खचते. म्हातारपणी त्यात एकटेपणाची भर पडते. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या किती घरांतली मुले पुण्या-मुंबईला कामाला आहेत, हे मी वेगळे सांगायला नको.

यावर उपचार आहे आणि त्याला मोठे रुग्णालय लागत नाही. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या, उदासीकडे झुकलेल्या १८१ जणांवर अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अडचण एकेक करून सोडवायला शिकवणे, झोपेची घडी बसवणे, मधुमेहासारख्या दुखण्यात स्वतःची काळजी घेणे, असे त्यात होते. हे सारे मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी केले. वर्षभरात नैराश्य आले ते ही मदत मिळालेल्यांपैकी ४.४ टक्क्यांना, न मिळालेल्यांपैकी १४.४ टक्क्यांना.

"खेड्यात मनाचे कोण बोलतो?" असे म्हणणाऱ्यांनी शेजारचा अमरावती जिल्हा पाहावा. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' उपक्रमाच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केल्यावर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. ऐकणारे माणूस दारी आले की लोक बोलतात.

वाशीमला हे नवे नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, त्यात आपला जिल्हा होता. तणावातला शेतकरी शोधणे आणि त्याच्याशी बोलणे हे काम तेव्हा आशाताईंनीच केले. तोच शेतकरी आता सत्तरीत आहे आणि शुगरच्या गोळीसाठी रांगेत उभा आहे. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही फोनसेवा आहे, ती चांगलीही आहे. पण कमी ऐकू येणारा म्हातारा अनोळखी माणसाशी फोनवर मनातले बोलणार नाही.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून हे काम त्यांच्यावर फुकट लादू नये. त्यासाठी वेगळा मोबदला द्यावा किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना शिकवून आठवड्यातला एक दिवस ज्येष्ठ मधुमेहींसाठी राखावा. त्या दिवशी रांग नको, खुर्ची हवी.

जिल्हा आरोग्य विभागाकडे माझी एकच मागणी आहे. गेल्या वर्षी साठीपुढच्या किती मधुमेहींनी त्या दोन प्रश्नांना 'हो' म्हटले आणि त्यांपैकी किती जणांशी नंतर कुणी बोलायला बसले, हे दोन आकडे तालुकावार जाहीर करावेत.

- एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशीम