बाळाला कोण बघणार?

मी एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. चौथीच्या हजेरीपत्रकात मागच्या वर्षी एका नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सारख्या दिसायच्या. मुलगी हुशार. आमच्या मुलांच्या जिभेवर 'ळ' आणि 'ण' बसेपर्यंत दिवाळी येते, हिच्या पहिल्याच महिन्यात बसले होते. पण आठवड्यातले दोन दिवस शाळेत, बाकीचे घरी. एकदा मी सगळ्या वर्गासमोर तिला बोलले. जरा जास्तच बोलले. ती मान खाली घालून म्हणाली, "अम्मी के हजार होते तक मुन्ना मेरेकनेच रहता, टीचर. मैं आई तो मुन्ने कू कौन देखता?"

सोलापुरात 'हजार' म्हटलं की कशाचे हजार हे विचारावं लागत नाही. विड्यांचे. या शहरातल्या हजारो बायका, तेलुगू पद्मशाली घरांतल्या आणि आपल्या मोहल्ल्यांतल्याही, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणायचा, पान भिजवायचं, कापायचं, वळायचं, बांधायचं आणि मोजून परत द्यायचं. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या भरून द्याव्या लागतात. मजुरी हजारावर असते, तासावर नाही.

त्या शनिवारी मी तिच्या घरी गेले. मुन्ना चौदा महिन्यांचा होता आणि सहा-सात महिन्यांचा वाटत होता. बहिणीच्या कडेवर, हातात पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा. रडत नव्हता, हसतही नव्हता. अंगणवाडीच्या ताईंना मी मुद्दाम सोबत नेलं होतं. त्यांनी दंडाला पट्टी लावली: ११.२ सेंटिमीटर. वजन साडेसहा किलो. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टीवर लाल रंग येतो. त्याचा अर्थ तीव्र कुपोषण. अशा मुलाला जुलाब किंवा न्यूमोनिया झाला तर त्याचा जीव जाण्याचा धोका धडधाकट मुलाच्या तुलनेत सुमारे नऊ पट असतो.

कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाट आठवतो. वर्तमानपत्रांनी आपल्याला तशी सवय लावली आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे जवळपास ११ मुलं अतिकृश निघाली. देशाची सरासरी ७.७ आहे. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत आपल्या राज्याचा हाच आकडा ९.४ होता. म्हणजे चाळीस टॉवेल कारखान्यांच्या आणि पन्नास मंगल कार्यालयांच्या पलीकडे कुठेतरी जंगलात ही मुलं आहेत, असं समजून चालणार नाही. ती आपल्या गल्लीत आहेत.

आपल्या समाजापुरतं एक जास्तीचं सांगते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातली एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. मुस्लिम घरांतले बालमृत्यू देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहेत, आणि खुंटलेल्या, कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण मात्र वरच्या बाजूला आहे. आपली मुलं जगतात, पण वाढत नाहीत. हे वाचल्यापासून शाळेतली शेवटच्या बाकावरची, पहिलीच्या मुलाएवढी दिसणारी तिसरीची मुलं मला वेगळी दिसू लागली.

मुन्नाच्या घरात अन्न नव्हतं असं नाही. रेशनचा तांदूळ-गहू होता. डाळ होती. बाप यंत्रमागावर जात होता, आठवड्याला पगार आणत होता. त्यातला किती मावा आणि चहाच्या टपरीवर जात होता ते मी विचारलं नाही, दादीने न विचारता सांगितलं. मग मूल लाल पट्टीत कसं गेलं?

अशा वेळी लोक दोन उत्तरं देतात. एक, आई अडाणी आहे. दोन, पोरं फार आहेत. दुसरं उत्तर आपल्याबद्दल जरा जास्तच चवीने दिलं जातं. खरं तर मुस्लिम बाईमागे मुलांचं सरासरी प्रमाण १९९२-९३ साली ४.४ होतं, ते २०१९-२१ मध्ये २.४ च्या खाली आलं. मुन्नाच्या घरात तीन मुलं. पण खोटं कशाला बोलू, मधल्या मुलात आणि मुन्नात वर्षाचंही नीट अंतर नव्हतं. पहिल्या बाळंतपणाचं रक्त भरून यायच्या आधी दुसरं, आणि मग जन्मतःच दोन किलोचं मूल. लग्न सतराव्या वर्षी झालेलं. हे आपल्याच घरातलं आहे आणि ते दुसऱ्याने बोलून दाखवायच्या आधी आपण बोललेलं बरं.

तरी त्या घरात तासभर बसल्यावर मला जे दिसलं ते वेगळंच होतं. त्या आईकडे वेळ नव्हता.

वर्षभराच्या मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं. मोठ्यांसारखं दोनदा जेवून त्याचं भागत नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं, मऊ आणि तेलातुपाचं काहीतरी, हात धुऊन, समोर बसून, गोडीगुलाबीने भरवावं लागतं. एकेका घासाला अर्धा तास. असे पाच अर्धे तास म्हणजे किती विड्या, हे त्या आईला तोंडपाठ होतं. तिच्या हाताला तंबाखू. भरवायचं तर उठायचं, साबणाने हात घासायचे, आणि आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पिंपातलं साठवलेलं पाणी पाचव्या दिवशी कसं असतं ते सांगायला नको. मुलाला महिन्यातून एकदा जुलाब ठरलेले. पोटात गेलेलं थोडंफारही तिथेच वाहून जायचं.

म्हणून पाच रुपयांचा पुडा. लोक म्हणतात, या बायका मुलांना कचरा खायला घालतात. ती बाई पाच रुपयांत दोन तासांची शांतता विकत घेत होती. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया बाळाला अफूची बाळगोळी चाटवून निजवायच्या, हे आपण इतिहासात वाचतो आणि चुकचुकतो.

दूध चालू होतं. दादी अभिमानाने म्हणाली, दो साल पिलाना है, हुकूम है. तिला कोणीतरी असं सांगितलं होतं की दोन वर्षं दूध पाजायचं म्हणजे दोन वर्षं दुसऱ्या कशाची घाई नाही. सहा महिने पूर्ण झाले की दुधासोबत वरचं अन्न लागतंच, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या आयतीचा ती हवाला देत होती ती सूरह बकरातली २३३ वी. मी अरबीची जाणकार नाही, उर्दू तर्जुमा वाचणारी बाई आहे. पण त्या आयतीत दोन वर्षांच्या दुधाच्या लगेच पुढे बापाची जबाबदारी आहे: दूध पाजणाऱ्या आईचं अन्न-वस्त्र त्याने रीतीप्रमाणे पुरवायचं. मुलापायी आईची फरफट होऊ नये, हेही आहे. दूध तोडायचं तर दोघांनी सल्लामसलतीने, हेही आहे. मजलिसींमध्ये मी या आयतीचा पहिला भाग किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. बापाचा भाग फार कमी वेळा. त्या घरात आई सगळ्यांत शेवटी जेवत होती, पातेल्यात जे उरेल ते, आणि मुन्ना तिच्यासोबत. म्हणजे उरलेल्यातलं उरलेलं.

मुन्नाला सूखा लागलाय म्हणून गळ्यात तावीज होता. मी तो काढायला सांगितला नाही. ज्याची जशी श्रद्धा. फक्त म्हटलं, तावीज राहू दे, दर आठवड्याला वजनाला येत जा.

आता सरकारचं काय? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पन्नास वर्षं झाली. अंगणवाडीत गरम आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. तीन वर्षांखालच्यांना आहार घरी न्यायला देतात. घर हीच ज्या मुलाची अडचण, त्याचा आहार घरी पाठवायचा! मग तो मोठ्या भावंडांच्या वाट्याला जातो किंवा चव आवडली नाही म्हणून डब्यात पडून राहतो. ताईंच्या नोंदवहीत मात्र मुन्नाच्या नावापुढे 'दिला' असं लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं. सहा महिने ते दोन वर्षं हे सगळ्यांत नाजूक वय. त्या वयाच्या मुलांपैकी देशभरात शंभरात जेमतेम ११ जणांना पुरेसा आहार मिळतो, हेही त्याच सर्वेक्षणातलं.

आणि कायदा? १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा मी खास शोधून वाचला. ज्या जागेत पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवावी, असं त्यात होतं. वाचून बरं वाटलं. मग लक्षात आलं, काम घराघरात वाटून दिल्यावर पन्नास बायका एका जागेत बसणारच कशा? पाळणाघराचा खर्च मालकाच्या डोक्यावरून उतरला आणि चौथीतल्या मुलीच्या कडेवर आला.

ताईंनी जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्राबद्दल सांगितलं. मुलासोबत आईने चौदा दिवस राहायचं, बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम मिळते. आई काहीच बोलली नाही. घरी दोन मुलं, चौदा दिवस विड्या नाहीत तर पुढे कारखान्यातून पान मिळेल का, हे तिच्या चेहऱ्यावर होतं. सुदैवाने मुन्नाला ताप नव्हता, सूज नव्हती, भूक थोडीफार होती. डॉक्टरांनी तपासून घरी उपचार चालतील असं सांगितलं. तशी लक्षणं असती तर मी भांडून त्यांना दाखल केलं असतं.

घरी म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. भरवणार कोण?

मग गल्लीतल्या चार बायकांनी वाटून घेतलं. सकाळी एक खाला, दुपारी दुसरी. मऊ भात, त्यात डाळ, चमचाभर तेल आणि शेंगदाण्याचं बारीक कूट. तीव्र कुपोषणासाठी जगभर जे तयार औषधी अन्न देतात त्यात मुख्य वस्तू शेंगदाणा, दुधाची भुकटी, तेल आणि साखर. शेंगा चटणीसाठी नावाजलेल्या सोलापुरात हे ऐकून सगळ्या बायका हसल्या. एका घरात एक मूल भरवायचं, तर त्याच बैठकीत चार घरांतली चार मुलं भरवता येतात, हेही त्यांच्याच लक्षात आलं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने गावोगाव असेच 'फुलवारी' नावाचे पाळणे चालवले. गावच्याच बायका, तीन वर्षांखालची मुलं, दिवसभर सांभाळ आणि वेळेवर खाणं. पुढे त्या राज्य सरकारनेही ती पद्धत घेतली.

आमचा उपक्रम रमजानपर्यंत टिकला. नंतर एक खाला माहेरी गेली, दुसरीच्या सुनेचं बाळंतपण आलं. फुकटचं काम बायकांच्याच खांद्यावर किती दिवस ठेवणार? त्यासाठी एक खोली लागते आणि एका बाईचा पगार.

खोली आपल्याकडे आहे. मदरशाचा हॉल सकाळच्या सबकानंतर अस्रपर्यंत रिकामा असतो. पैसेही आहेत. एका वलीम्याच्या देगांचा हिशेब मी मांडणार नाही, लोकांना राग येतो. जकातीबद्दल एका मौलानांशी बोलले तर त्यांनी तमलीकचा मुद्दा काढला: जकात हक्कदाराच्या मालकीची करावी लागते, शिजवून भरवलं तर ते कसं बसवायचं? मुद्दा रास्त आहे. मग लिल्लाह आहे, सदका आहे, अकीका आहे. आणि मालकांकडून, महापालिकेकडून पाळणाघर मागायचं तर आहेच. याच शहरातल्या विडी कामगार बायकांनी लढून कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं मिळवली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. मागणं या बायकांना कोणी शिकवायला नको.

माझ्या एका सहकारी सरांनी विचारलं, टीचर, आपल्या घरातल्या गोष्टी मराठीत कशाला लिहिता, लोक आधीच आपल्याबद्दल काय काय बोलतात. मी उर्दूतही लिहिलं असतं. पण अंगणवाडीची ताई, दवाखान्यातली नर्स, महापालिकेतला बाबू मराठी वाचतो.

गेल्या महिन्यात मुन्नाचा दंड १२.१ भरला. पिवळ्या पट्टीत आलाय, हिरवी साडेबारानंतर सुरू होते. बहीण पाचवीत गेली. आठवड्यातून चार दिवस येते. पाचव्या दिवशी का येत नाही ते मी आता वर्गासमोर विचारत नाही. मदरशाच्या हॉलसाठी ट्रस्टींना उर्दूत एक आणि मराठीत एक असे दोन अर्ज दिले आहेत. पुढच्या जुम्यानंतर बैठक आहे म्हणतात.