पोळी तीच, सोबत आपापली

वेलिंग्टनच्या पोस्टिंगमधली गोष्ट. चार दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरला गेलो. माझ्या जुन्या पलटणीतले सुभेदार साहेब निवृत्तीनंतर तिथं राहतात. दक्षिणेतल्या भजनाला पद्धत घालून देणाऱ्या सद्गुरुस्वामींचं हे गाव. त्या भजनात तमिळ, तेलुगू, कन्नड पदांच्या पंगतीत मराठी अभंगही बसतो. शेजारच्या तंजावरवर एकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे मी जरा घरच्यासारखाच वावरत होतो.

जेवायला केळीच्या पानावर पोळी आली. चणाडाळ, गूळ, वेलची, वर तूप. नावही पोळीच! पण आम्ही साताऱ्याकडची माणसं. कटाच्या आमटीशिवाय पुरणपोळी म्हणजे आम्हाला अर्धं जेवण. नकळत मी तुकडा वाटीतल्या रसममध्ये बुडवला. नातवंडं फिसकन हसली. साहेबांनी त्यांना नजरेनंच गप्प केलं आणि माझ्या वाटीत आणखी एक पळी रसम वाढलं.

तो घास मला जड गेला. कारण वीसेक वर्षांपूर्वी, मी कंपनी कमांडर असताना, होळीच्या बड्या खान्याला मी हौसेनं पुरणपोळी करवली होती. तिरुवनंतपुरमकडचा एक जवान पोळी खिरीत कुस्करून खात होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, ही अशी खातात का?" लोक हसले. त्यानं ताट बाजूला सरकवलं. त्याच्याकडे लग्नाच्या पंगतीत बोळी पालपायसमबरोबरच खातात, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्याकडे तरी कुठं एकमत आहे? कोकणात नारळाचं दूध, कुठं गुळवणी, कुठं नुसतं दूध-तूप. आमची सौ. जळगावची, तिच्या माहेरी मांड्याबरोबर आमरस हवा. विलायतेचंही तेच. अ‍ॅपल पायवर मेसमध्ये गरम कस्टर्ड असतं, अमेरिकेत कुणी आइस्क्रीम घेतं, तर कुणी चक्क चीज. व्हरमाँट राज्यानं १९९९ साली कायदा करून या पायला राज्याचा मान दिला. सोबत थंड दूध, चेडर चीज किंवा व्हॅनिला आइस्क्रीम देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा, एवढंच त्यात म्हटलंय. पर्याय तीन, आणि सक्ती एकाचीही नाही!

माझं मत सरळ आहे. फौजेत गणवेश एक हवा, कदम एक हवा, हुकूम एक हवा. ताटात मात्र माणसाला त्याचं घर ठेवू द्यावं. मुख्य पदार्थ लंगर देतो; त्याच्याबरोबर काय घ्यायचं, हे आई शिकवते. त्यावर हसणं म्हणजे तिच्यावर हसणं. वर्षातले दहा महिने घरापासून लांब राहणाऱ्याला ते फार लागतं. आणि वरिष्ठ हसला की उलट बोलायची सोयही नसते.

परत आल्यावर त्या जवानाला फोन लावला. आता तो नायब सुभेदार आहे. माफी मागितली. म्हणाला, "मला काही आठवत नाही सर." मग थोडं थांबून म्हणाला, "पण ती खीर पालपायसमसारखी नव्हतीच."