दादोबांची सभा आणि हातातला फोन

सुरतेत आज असे मराठी मंडळ क्वचितच सापडेल, की ज्याचा व्हॉट्सॲपवर एक 'ग्रुप' नाही. भजनी मंडळाचा आहे, गणेशोत्सवाच्या समितीचा आहे, ज्ञातिसंस्थेचा आहे, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा आहे. सकाळी उठावे तो सूर्योदयाची दहा चित्रे आणि तितकीच सुभाषिते येऊन पडलेली असतात. दुपारी कोणाच्या तरी निधनाची वार्ता येते, तिच्याखाली हात जोडलेली पन्नास चिन्हे उमटतात, आणि त्यांच्या खाली सायंकाळच्या सभेची सूचना गाडली जाते. जुन्या वळणाची मंडळी हे पाहून नाक मुरडतात. आमचे मत तसे नाही. संस्थांनी या साधनाचा उपयोग शिकण्याबोलण्यासाठी करावा की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. तो होतोच आहे. प्रश्न आहे तो वळणाचा, आणि ते कोठून घ्यावे यासाठी सुरतकरांना फार दूर जाण्याचे कारण नाही.

१८४४ साली याच शहरात मानवधर्मसभा स्थापन झाली. दुर्गाराम मंछाराम मेहता हे तिचे प्राण, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते ते आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर. दादोबांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापून निघाले, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु हेच दादोबा सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकवीत होते आणि येथल्या गुजराती मित्रांबरोबर त्यांनी ही सभा उभी केली, ही गोष्ट येथल्या किती मराठी घरांत सांगितली जाते? दादोबा, दुर्गाराम, दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास अशी पाच 'द'कारांची ती मंडळी. सभा उघड भरे. जातपात न पाहता कोणीही यावे, बसावे, शंका विचारावी. भूतपिशाच, मंत्रतंत्र, विधवांचा पुनर्विवाह असले विषय चालत, आणि दुर्गारामांनी तर मांत्रिकांना जाहीर आव्हानच दिले होते. त्याआधी १८४२ साली त्यांनी पुस्तक प्रसारक मंडळी काढून शिळाछापाचा उपयोग केला होता. म्हणजे त्या काळचे जे नव्यात नवे साधन, ते या मंडळींनी सोवळ्यात न राहता हाती घेतले.

दुर्गारामांनी आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या दृष्टीने तीच मोलाची. सभेत काय बोलणे झाले याचे त्यांनी दप्तर ठेवले. १८५२ च्या सुमारास दुर्गाराम राजकोटास गेले आणि सभा विरली. तरी पुढे महीपतराम रूपराम यांनी त्यांचे चरित्र लिहिले ते या टिपणांच्या आधारे. सभा गेली, परंतु बोलणे राहिले.

दादोबा मुंबईस परतले आणि तेथे १८४९ च्या सुमारास परमहंस सभा निघाली. तत्त्वे पुष्कळशी सुरतेचीच, परंतु ही सभा गुप्त. समाजाच्या भयाने गुप्त, म्हणून तिला दोष देता येत नाही. पण १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, आणि नावे फुटतील या धास्तीने ती सभाच मोडली.

आजच्या ग्रुपची मौज अशी, की तो परमहंस सभेसारखा बंद आहे आणि तरीही त्याची वही रोज चोरीस जाते. आत बोललेले एक वाक्य कोणीतरी पडद्यासकट टिपतो आणि रात्रीपर्यंत ते साऱ्या गोतावळ्यात फिरते. शिवाय दप्तर नाहीच. चिटणीसाचा फोन बदलला, की दहा वर्षांचे ठराव, हिशेब, छायाचित्रे सारे वाऱ्यावर.

शिकण्याचे म्हणाल तर आमचा धंदा गाणे शिकवण्याचा, म्हणून त्यातलेच बोलतो. २०२० च्या टाळेबंदीत पुष्कळ शिकवण्या फोनवर चालल्या आणि तेव्हा एक चमत्कार ध्यानी आला. समोरासमोर बोलण्याच्या सोयीत तंबोरा ऐकूच येईना! अखंड, एकसारखा चालणारा नाद हा पंख्याच्या घरघरीसारखा निरुपयोगी, असे त्या यंत्राला शिकवलेले. ते त्याला गाळून टाकी. शिवाय आवाज पोचण्यास किंचित वेळ लागतो, तेवढ्यात सम निघून जाते. गुरुशिष्यांनी एकदम गाणे अशक्य. परंतु विद्यार्थ्याने घरी बसून गायिलेला पलटा ध्वनिमुद्रित करून पाठवला, तर हे दोन्ही अडथळे पुष्कळ कमी होतात. तो चार वेळा ऐकता येतो, नेमका कोठे गांधार उतरला ते सांगता येते, आणि मुख्य म्हणजे पाठवण्यापूर्वी विद्यार्थी स्वतःचे गाणे स्वतः ऐकतो. ही सोय आमच्या आधीच्या पिढ्यांना नव्हती. मात्र चूक दाखवायची ती एकट्याला. तीस जणांच्या ग्रुपात एखाद्या मुलीचा बेसूर दाखवला, की ती पुन्हा काही पाठवीत नाही, आणि उरलेल्या एकोणतीस जणी वाहवा करीत सुटतात. वाहवेने गळा तयार होत नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोजचे पाठ फोनवरून शिक्षकांकडे व तेथून पालकांकडे धाडले. प्रयत्न स्तुत्य होता. परंतु ज्या घरात फोन एकच, तेथे बाप पाळीवर गेला की शाळाही त्याच्या खिशात बसून जाते. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतूनही चालतात; उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या खानदेशी कामकऱ्याच्या मुलाला हा अनुभव नवा नाही. आपल्या जुन्या घरांतून याची कल्पना येत नाही, कारण आपल्याकडे माणशी एक फोन असतो.

बातमी आणि अफवा यांचेही तसेच. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे सुरत सोडून पळाली, तेव्हा कोणाच्या खिशात फोन नव्हता. तेव्हा अफवेचे खापर केवळ यंत्रावर फोडू नये. पण वेग वाढला हे खरे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. ती अफवा फोनवरून पसरलेली होती. सुरत-भुसावळ लोहमार्गाने त्या मुलखाशी आपली निम्मी सोयरीक जोडलेली आहे, आणि धुळ्याकडचा निरोप सुरतेच्या ग्रुपात येण्यास पळभर लागत नाही. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल असे बंधन घातले. पाचही पुष्कळ झाले.

आणखी एक बोचणारी गोष्ट. येथली आपली पुष्कळ मुले गुजराती किंवा इंग्रजी शाळांत जातात. त्यांच्या डोळ्यांपुढे रोज मराठी येते ते बहुधा मंडळाच्या ग्रुपातच, आणि ते येते रोमन लिपीत! व्याकरणकार दादोबांच्या सुरतेत हे चालावे? फोनवर देवनागरी उमटविणे आता अवघड नाही. आजोबांनी हट्ट धरला तर नातवंडे शिकतील, आणि आजोबांना फोन शिकवतील. आठवड्यातून एक दिवस ग्रुपात मराठीत एक प्रश्न टाकावा आणि त्यावर उलटसुलट बोलू द्यावे. कार्यवाहांना वाद नको असतो हे आम्हांस ठाऊक आहे. वादाशिवाय मानवधर्मसभा कशी चालली असती?

सभेची सूचना ग्रुपात द्यावी, पण ज्यांच्याकडे तसला फोन नाही अशा वडीलधाऱ्यांच्या घरी माणूस पाठवावा. पाचजणांनी रात्री अकराला अंगठे दाखवले म्हणजे ठराव झाला, असे मानू नये. आणि आठवड्याच्या अखेरीस चिटणिसाने त्या साऱ्या गर्दीतून कामाचे तेवढे वेचून, तारीख घालून, शाईने वहीत उतरून ठेवावे. अर्ध्या तासाचे काम आहे.