एमपीयू बंद करून माल पाठवणाऱ्यांस

के64 मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्या वाचकांची तक्रार बहुतेक एकच असते. इथरनेट सुरू केले की ईबीईआरआर (बस एरर) येतो, यूएसबीची जोडणीच होत नाही. नमुना प्रोग्रॅममधली एमपीयू (मेमरी प्रोटेक्शन युनिट) बंद करणारी ओळ घातली की सगळे सुरळीत. मग विचारतात, ‘ही ओळ ठेवली तर चालेल ना?’ चालते, म्हणूनच ती विकलेल्या मालात राहते.

रीसेटनंतर या चिपचा एमपीयू चालूच असतो. त्याचा पहिला रीजन डिस्क्रिप्टर, आरजीडी0, पूर्ण 4 जीबी व्यापतो आणि कोअर, डीबगर, डीएमए यांना सर्व परवानग्या देतो. इथरनेट, यूएसबी आणि एसडीएचसी यांना मुद्दाम बाहेर ठेवले आहे. आपण एमपीयूच्या सीईएसआर रजिस्टरमधला व्हीएलडी बिट शून्य करतो आणि तिघांनाही 256 केबी रॅम सरसकट मोकळी करून देतो. उद्या इथरनेटचा एखादा डिस्क्रिप्टर बिघडला, तर केबलवरून आलेले पॅकेट थेट स्टॅकवर उतरेल, आणि दोष मात्र आरटीओएसला लागेल.

भोसरीच्या एका वाचकाने कळवलेला किस्सा याहून वरताण. ग्राहकाच्या सुरक्षा तपासणीपत्रकात रकाना होता : ‘एमपीयू आहे काय? होय/नाही’. यांनी ‘होय’ लिहिले. तपासनिसाने पुरावा मागितला, तो डेटाशीटच्या पानाची स्वसाक्षांकित प्रत! ती जोडली, शिक्का मिळाला. फर्मवेअरमध्ये एमपीयू पहिल्या दहा ओळींतच बंद केलेला. चालू बोर्डावर सीईएसआर वाचून दाखवा, एवढे म्हणायला साहेबांना कोणत्या परिपत्रकाची वाट पाहायची होती? पण आमचा राग त्यांच्यापेक्षा ‘होय’ लिहिणाऱ्यावर जास्त आहे.

काहींनी एमपीयू चालू ठेवण्याचा प्रयत्न करून सोडून दिला : ‘नवा रीजन टाकला, तरी डीएमए अडत नाही.’ अडणार कसा? कॉर्टेक्स-एम4 च्या एमपीयूत मोठ्या क्रमांकाचा रीजन जिंकतो. इथे एकमेकांवर पडणाऱ्या रीजनमधल्या परवानग्यांची बेरीज होते. आरजीडी0 ने दिलेले आरजीडी5 काढून घेऊ शकत नाही. आधी आरजीडीएएसी0 रजिस्टरमधून डीएमएचे हक्क कापा, मग हवे तेवढेच द्या. आरजीडी0 मधले डीबगरचे हक्क कोअरला बदलता येत नाहीत, त्या नादी लागू नका.

बफर आणि डिस्क्रिप्टर लिंकर स्क्रिप्टमध्ये वेगळ्या सेक्शनमध्ये घ्या, कडा 32 बाइटवर आणा. यूएसबीच्या बीडीटीला (बफर डिस्क्रिप्टर टेबल) 512 बाइटची कड लागतेच. तेवढाच पट्टा त्या त्या बस-मास्टरला उघडा. रीजन डिस्क्रिप्टर 12 आहेत, पुरतात. चुकलात तर ईएआरमध्ये पत्ता आणि ईडीआरमध्ये मास्टरचा क्रमांक मिळतो. ते वाचण्याआधी आम्हाला पत्र लिहू नका.

ज्यांनी ती ओळ काढून माल पाठवला आहे, त्यांनी आपला आरजीडी तक्ता आणि लिंकर स्क्रिप्टचा तेवढा भाग धाडावा. पुढच्या अंकात पाने राखून ठेवली आहेत.