डोंगर आणि दाटी

पावसाळा लागला की सुशिक्षित घरांतून एक चमत्कारिक न्याय चालू होतो. मुलाने वा मुलीने एकट्याने राजमाचीस जाण्याचा मनोदय बोलून दाखविला, की आईबापांच्या तोंडचे पाणी पळते. तेच अपत्य पन्नास अनोळखी इसमांबरोबर, पैसे भरून, रात्रीच्या बसने कळसूबाईस निघाले, तर तीच मंडळी निर्धास्त झोपी जातात. एकटेपणा म्हणजे धोका आणि संख्या म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण कोणत्या गणितात बसते ते आम्हांस उमगत नाही.

एकट्याच्या वाटेवर धोका नाही, असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. आषाढात सह्याद्रीवर धुके उतरले म्हणजे दहा पावलांवरची वाट दिसेनाशी होते, आणि घळीत पाय मुरगळलेल्याची हाक ऐकावयास कोणी नसते. म्हणूनच जाणते गिर्यारोहक निदान चौघे असावेत असे सांगतात: एक जखमी झाला तर एकाने त्याच्यापाशी बसावे, दोघांनी मदत आणावयास जावे. हा हिशेब आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु तो चाळिसांना लावणे म्हणजे औषधाचा थेंब गुणकारी म्हणून सबंध बाटली घशात ओतणे होय. हरिहरच्या कड्यात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर चढणारे व उतरणारे समोरासमोर आले, की प्रत्येक जादा माणूस आधार नसून भार असतो. शिवाय एकटा चालणारा ढग पाहतो, ओढ्याचे पाणी अजमावतो आणि वेळ टळली तर निमूट मागे फिरतो. पैसे मोजून आलेल्या घोळक्यास शिखर दाखविल्यावाचून त्याच्या चालकास गत्यंतर नसते. घोळक्यातला इसम पुढच्याच्या पाठीकडे पाहून चालतो. पुढचाही बहुधा तेच करीत असतो!

दुसरा आक्षेप माणूसघाणेपणाचा. हॅझ्लिटने १८२२ साली एकट्याने भटकण्याची तरफदारी केली, १८७६ साली स्टीव्हन्सनने तिला दुजोरा दिला. तेव्हा हे विलायती खूळ आहे, असे काही विद्वान आम्हांस ऐकवितात. त्यांनी देहूकडे पाहावे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जात ते समुदाय घेऊन नव्हे, आणि जगाविषयी त्यांच्याइतका कळवळा कोणास होता? (भाकरी घेऊन तो डोंगर जिजाईस चढावा लागे असे सांगतात, तिची तक्रार मात्र आम्ही खरी धरतो.) शिवाय डोंगरातली माणसे भेटतात ती एकट्यालाच. धनगरवाड्यावरची म्हातारी एकट्या वाटसरूस ताक देते, वाट सांगते, घरच्यांची चौकशी करते. चाळीस जणांकडे ती दाराआडून पाहते.

पालकांनी ‘बरोबर किती जण आहेत?’ हे विचारणे आता सोडावे. वाट ठाऊक आहे काय, अंधारापूर्वी कोठे पोहोचणार, पायथ्याच्या गावात कोणास सांगून निघणार, परत फिरण्याची वेळ कोणती ठरविली आहे, हे विचारावे. उत्तरे नीट आली, तर मुलगा असो वा मुलगी, शिदोरी बांधून द्यावी.